साडेचार तास

मेलबर्नचं घड्याळ जुलैत आपल्यापुढे साडेचार तास असतं. 19 जुलै 2023 च्या रात्री इर्शाळवाडीवर दरड कोसळली, तेव्हा इथे पहाटेचे तीन-साडेतीन झाले होते आणि मी जागी होते. शिकायला येऊन फार दिवस झाले नव्हते, झोपेचं गणित बसायचं होतं. भर जुलैत अंगावर दोन रजया, आणि पावसाला सरावलेल्या कानांना बाहेरची सुकी थंडी सोसवत नव्हती. चौक गावातल्या आमच्या घराच्या पत्र्यावरचा पाऊस आठवून मी रडत होते. तोच पाऊस त्या घटकेला काय करत होता, ते सकाळी आईच्या फोनवरून कळलं. "बाय, इर्शाळवाडी गेली," एवढंच ती बोलली.

आमच्या मागल्या दारातून इर्शाळगडाचा सुळका दिसतो. त्याच्या पोटाशी ही ठाकरांची वाडी. गडावर जाणारे मुंबई-पुण्याचे ट्रेकर तिथे पाणी प्यायचे, भाकरी खायचे. आम्हाला वाडी माहीत होती ती बाजारातून. पाऊस धरला की तिथल्या बायका शेवळांची रानभाजी घेऊन उतरायच्या. एक मावशी आजीच्या ओळखीच्या होत्या. जुडी सोपटाने बांधलेली, आणि तिच्याशेजारी पानात मूठभर काकडाची फळं, न मागता ठेवलेली. काकडं घातली नाहीत तर शेवळांनी घसा खाजतो. मावशी दर वर्षी हे आजीला नव्याने सांगायच्या, आणि आजी दर वर्षी नव्याने ऐकायची. त्या मावशींचं काय झालं, हे मी आईला विचारलं नाही. अजूनही विचारलेलं नाही.

वाडीला गाडीरस्ता नव्हता. नानिवलीवरून दीडेक तासाची चढण, त्यात चिखल, धुकं आणि वरून धार. यंत्रं चढेनात, हेलिकॉप्टर उडेना. माणसं फावडी-घमेली घेऊन चढली आणि हातांनी माती उपसत राहिली. त्या चढणीवर नवी मुंबईच्या अग्निशमन दलातला एक जण हृदय बंद पडून गेला. 27 जणांचे मृतदेह मिळाले. 57 जण मिळालेच नाहीत. 23 जुलैला, रविवारी, शोध थांबवला. सोमवारी माझा पहिला तास होता. वहीत काय उतरवलं ते आता वाचलं तरी लागत नाही.

धोक्याच्या गावांच्या सरकारी यादीत ही वाडी नव्हती. मला याचा राग येतो, आणि तो निवलेला नाही. ज्या डोंगराखाली पिढ्यान् पिढ्या माणसं राहतात, त्या डोंगराची माती तपासायला कुणी चढलं नाही. रस्ता नाही म्हणून यंत्र पोचत नाही, तसाच अधिकारीही पोचत नाही.

वाडीतली काही मुलं वाचली, कारण ती आश्रमशाळेत होती. माझं मन पुन्हा पुन्हा त्यांच्याकडे जातं. जूनमध्ये घर सोडून जायचं, अनोळखी मुलांच्या रांगेत अंथरूण टाकायचं, घंटेवर उठायचं, घंटेवर जेवायचं, घरच्या बोलीत कुणी हाक मारणार नाही अशा वर्गात बसायचं. त्यांच्या मानाने माझा परदेश सोपाच म्हणायचा. मला निदान इथे यायचं होतं. आठ-दहा वर्षांचं पोर रात्री भिंतीकडे तोंड करून घराच्या ओढीने रडलं असेल, आणि त्या घरापासून लांब होतं म्हणूनच सकाळी उठलं. हे त्याला कुणी, कोणत्या शब्दांत सांगितलं असेल?

मला घर आठवायचं, कारण ते होतं त्या जागी होतं. चुलीवरचा टोप, दाराशी टांगलेलं इरलं, आईची खाकरण्याची सवय, सगळं आपापल्या जागी. दूर गेलेल्या पोराला या भरवशावर दिवस काढता येतात. त्या मुलांचा भरवसाच मातीखाली गेला.

पुढे सिडकोने वाचलेल्यांसाठी घरं बांधली. पक्की आहेत, रस्त्यालगत आहेत, आणि ते हवंच होतं. पण तेवढ्याने भागत नाही. आई मला रोज फोनवर विचारते, जेवलीस का, काय जेवलीस, भात नीट शिजला का. वसतिगृहातल्या त्या मुलांना हे रोज विचारणारं नात्यातलं माणूस हवं. काकी, मामा, थोरली बहीण, जे कुणी उरलं असेल ते. आणि त्याने फोन केला की अधीक्षकांनी मुलाला ताटावरूनही उठवून बोलवावं.