आवळावे किती, सोडावे किती

सैल वस्तू माझ्या डोळ्यांना खपत नाही. दाराची बिजागरी करकरली, पंखा डुगडुगला किंवा चष्म्याची काडी ढिली झाली, की माझा हात आपोआप पेचकसाकडे जातो. चौतीस वर्षे कारखान्याच्या टूलरूममध्ये काढलेल्या माणसाचे दुसरे काय होणार! 'घट्ट ते पक्के' हे माझे आयुष्यभराचे तत्त्वज्ञान. मी बंद केलेली लोणच्याची बरणी उघडायची म्हणजे शेजाऱ्यांना बोलवावे लागते, अशी आमच्या सौभाग्यवतींची तक्रार आहे.

गेल्या वर्षी आमच्या चिरंजिवांनी मोटारसायकल घेतली. रस्त्यावरून चालवायची गाडी सगळेच घेतात. ही रस्ता सोडून चालवायची. उंच, सडपातळ, दातेरी टायरांची. पुढच्या शॉकअपची हालचालच मुळी २५० मिलिमीटर, म्हणजे वीतभराहून अधिक! "सरकार एवढा खर्च करून रस्ते बांधतं, मग हा ते सोडून का जातो?" हा सौभाग्यवतींचा प्रश्न. त्याला माझ्याजवळ उत्तर नव्हते. दर रविवारी पहाटे स्वारी पानशेतच्या बाजूला निघे आणि दुपारी मुरमाने माखून परत येई. तोवर आम्ही दोघे घड्याळाकडे पाहत बसत असू.

एका शनिवारी रात्री मी सहज गाडीपाशी गेलो. हँडल धरून पुढचा भाग दाबला, तर तो अलगद खाली गेला आणि अलगद वर आला. माझ्या मनात चर्र झाले. इतकी सैल गाडी घेऊन हा पोर दगडधोंड्यांतून जातो? शॉकअपच्या दोन्ही नळ्यांच्या डोक्यांवर एकेक छोटा स्क्रू दिसला. मी पेचकस आणला आणि दोन्ही स्क्रू टिक टिक करीत शेवटापर्यंत आवळले. पुन्हा दाबून पाहिले. गाडी कशी खांबासारखी झाली होती! त्या रात्री मला फार चांगली झोप लागली.

दुसऱ्या दिवशी दुपारी फोन आला. खडीच्या उतारावर पुढचे चाक उडाले, चिरंजीव पडले, उजवे मनगट मोडले. सहा आठवड्यांचे प्लॅस्टर.

"माझंच चुकलं," तो इस्पितळात म्हणाला. "गाडी सकाळपासून अंगावर येत होती. मला वाटलं, माझेच हात दमलेत."

मी तेव्हाच बोलायला हवे होते. वाचकहो, बोललो नाही. त्या क्षणी मला स्क्रूंची शंका आली नव्हती असे म्हणालो, तर ते खोटे होईल.

सौभाग्यवतींनी गाडी विकायचा हुकूम काढला. चिरंजीव काही बोलले नाहीत. नुसते भिंतीकडे पाहत राहिले. विकण्यापूर्वी गाडी नीट करून घ्यावी म्हणून मी ती मिस्त्रींकडे नेली. वाकलेले हँडल बदलताना त्यांनी शॉकअप दाबून पाहिला, मग स्क्रूला पेचकस लावला.

"साहेब, हे कुणी आवळलं? दोन्ही पार बंद आहेत."

"कुणास ठाऊक," मी म्हणालो.

मिस्त्रींनी माझ्याकडे एकदा पाहिले आणि शहाण्या माणसासारखा तो विषय सोडून दिला. मग ते समजावून सांगू लागले. शॉकअपमध्ये स्प्रिंग असते आणि तेल असते. धक्का झेलते ती स्प्रिंग. पण एकदा दबलेली स्प्रिंग एकटी सोडली तर उड्याच मारीत बसेल. तिला आवरते ते तेल. बारीक भोकांतून त्याला जावे लागते, त्यामुळे हालचाल मंदावते. (तेलाने असा आवर घालणारा सरकत्या नळ्यांचा शॉकअप बी.एम.डब्ल्यू. कंपनीने १९३५ साली आपल्या आर १२ गाडीला बसवला. म्हणजे ही विद्या माझ्याहूनही जुनी!) दोन स्क्रूंपैकी एक शॉकअप दबताना तेलाची वाट अरुंद करतो, दुसरा तो परत वर येताना.

"दाबाचा स्क्रू जास्त आवळला, तर दगडाचा धक्का सरळ मनगटात येतो. पण खरा दगा देतो तो परतीचा," मिस्त्री म्हणाले. "पहिल्या दगडानं शॉकअप दबला. तो वर यायच्या आत दुसरा दगड आला. मग तिसरा. प्रत्येक वेळी तो थोडा थोडा खालीच राहतो. शेवटी दबायला जागाच उरत नाही, आणि चाक उडतं. परतीचा स्क्रू फारच सोडला, तर उलट तो उसळून हँडल अंगावर फेकतो."

मी ऐकत होतो, आणि तो खडीचा उतार माझ्या डोळ्यांसमोर एकेक दगडाने उलगडत होता.

त्या संध्याकाळी जेवण झाल्यावर मी चिरंजिवांना सगळे सांगितले. सौभाग्यवतींच्या हातातली वाटी तशीच राहिली. तो बराच वेळ गप्प होता. मग एवढेच म्हणाला, "बाबा, मला विचारायचं होतंत." रागावला असता तर बरे वाटले असते.

गाडी मात्र विकली नाही. प्लॅस्टर निघाले, मनगटाला बळ आले, तेव्हा आम्ही दोघे पानशेतकडे गेलो. मी वही, पेन्सिल आणि पेचकस घेऊन एका दगडावर बसलो. मिस्त्रींचे नियम वहीत पहिल्या पानावर होते. आधी टायरची हवा पाहावी. स्वार बसल्यावर गाडी एकूण हालचालीच्या तिसऱ्या हिश्श्याइतकी खाली बसते ना, तेही पाहावे. आमची ८० मिलिमीटर बसली. स्क्रू हलक्या हाताने पूर्ण बंद करावा, शेवटाला जोर करू नये, आणि तिथून टिका मोजत सोडावा. एका वेळी एकच स्क्रू, दोनच टिका, आणि तोच तुकडा पुन्हा चालवावा. नळीवर रबराचे कडे चढवावे. शॉकअप किती दबला ते त्यावरून कळते.

दोघांच्याही दहा टिका सोडून सुरुवात केली. "खडीवर अजून खाली बसते आहे," तो म्हणाला. परतीच्या आणखी दोन सोडल्या. "आता बरं." दाबाच्या दोन सोडल्या, तर नाल्याच्या काठावर कडे पार टोकाला गेले, एक परत आवळली. आकडे सांगण्यात अर्थ नाही. ते आमच्या गाडीचे आणि त्याच्या ६२ किलोंचे आहेत.

सहाव्या फेरीला तो त्याच खडीच्या उतारावरून आला. चाक दगडांवरून वरखाली नाचत होते, आणि त्याचे हात मात्र निवांत होते. माझी छाती अर्थातच धडधडत होती. तिला आवरणारा स्क्रू अजून निघालेला नाही.

तो थांबला, शिरस्त्राण काढले. मी पेचकस पुढे केला.

"अजून एक टीक आवळू?"

"नको बाबा, राहू द्या."

मी पेचकस खिशात ठेवला.