रविवारची वेणी

स्मरणिकेसाठी काही लिहावे, असे संस्थेचे पत्र आले तेव्हा वसतिगृहातील आम्ही चौघी मैत्रिणी एकत्र बसलो. शाळेचे निकाल, बक्षिसे आणि इमारतींचा विस्तार यांविषयी इतर मंडळी लिहितीलच. आमच्या मनात मात्र वारंवार येत राहिला तो मागील अंगणातला रविवार आणि त्या दिवशी होणारी आमच्या केसांची तयारी. विषय किरकोळ वाटेल. परंतु या शाळेने आम्हांला जे दिले, त्याचा मोठा भाग त्या अंगणातच आमच्या हाती आला, अशी आमची धारणा आहे.

सोमवारी सकाळी वंदनेला उभे राहताना प्रत्येक मुलीच्या दोन वेण्या आणि त्यांवर लाल रिबिनी असाव्यात, असा नियम होता. वेणी घालण्यास पाच मिनिटे पुरत. तिच्या पूर्वतयारीला मात्र अर्धा रविवार लागे. रिठे व शिकेकाई रात्रीच भिजत घातलेली असत. सकाळी ती उकळून, गाळून प्रत्येकीच्या वाट्याला एक तांब्या येई. न्हाणे झाल्यावर केस पंच्याने टिपायचे, खसाखसा पुसायचे नाहीत, ही पहिली शिकवण. ओला केस ताणला की लांबतो आणि तुटतो, म्हणून ओल्या केसांची वेणी घालायची नाही, ही दुसरी. केस उन्हात सुकले की दहावीच्या ताया पाचवी-सहावीच्या मुलींना पुढ्यात घेऊन बसत.

तळहातावर खोबरेल तेल घेऊन आधी बोटांनीच गुंता चाचपायचा. मग केसांची बट मधोमध मुठीत धरायची, म्हणजे ओढ टाळूपर्यंत पोचत नाही. आणि टोकांपासून सुरुवात करून रुंद दातांच्या कंगव्याने हळूहळू वर जायचे. घाईने मुळापासून कंगवा ओढला, तर वरचा गुंता खाली सरकतो आणि त्याची गाठ होते. कुरळ्या केसांचा न्याय निराळा. ते कोरडे विंचरले तर पिंजारतात व तुटतात. म्हणून दमट असतानाच तेल लावून, चार भाग करून सोडवायचे आणि मग सुकू द्यायचे. आमच्यापैकी एकीचे केस असे दाट कुरळे होते. 'हिच्या केसांना वेणी बसायची नाही', म्हणून घरी ते दरवर्षी कापून टाकत. तिला पहिली वेणी वसतिगृहातच बसली. सगळ्यांत शेवटी बारीक दातांची फणी. लिखा साधारण सात ते दहा दिवसांत फुटतात, त्यामुळे फणी एकदा फिरवून भागत नाही. दर रविवारी फिरवावी लागते. त्यानंतरच भांग, तीन पेड आणि रिबीन.

आमच्यापैकी बहुतेकींच्या आजोबांच्या डोक्याला गावचा न्हावी हात लावीत नसे. डिसेंबर १९२७ मध्ये महाड येथे बाबासाहेबांनी स्त्रियांपुढे भाषण केले, तेव्हा स्वच्छ राहा, लुगडे नीट नेसा, जातीची खूण सांगणारे दागिने टाका आणि मुलींना शिकवा, असे त्यांनी सांगितले होते. आमच्या अधीक्षिका बाई हे आम्हांला अंगणातच सांगत. वेणी ही नटण्याची गोष्ट नसून आपल्या देहाची आपण राखलेली बूज आहे, असे त्यांचे म्हणणे असे.

आम्ही सहावीत असताना सीमाभागातील एका गावाहून एक मुलगी पाचवीत दाखल झाली. पहिल्या रविवारी ती अंगणात येईना. ताईने तिचा रुमाल सोडला, तेव्हा उजव्या कानामागे करंगळीएवढी जाड, भंडाऱ्याने पिवळी पडलेली जट दिसली. ताईचा हात थबकला. आम्ही सगळ्याच मागे सरकलो.

जट म्हणजे काय, हे आमच्या भागातील मुलींना सांगावे लागत नसे. देवी अंगावर आली, अशी ती खूण. ती कापली तर घरात कोणी दगावते, अशी भीती. आणि राखली तर मुलीला सौंदत्तीला नेऊन यल्लम्मेला सोडण्याची वाट मोकळी. मुंबई इलाख्यात १९३४ मध्ये आणि कर्नाटकात १९८२ मध्ये या प्रथेविरुद्ध कायदे झाले. परंतु ज्या घरात जट दिसे, तेथे कायद्याआधी शेजारीण पोचत असे.

येथे आम्हांला एक कबुली द्यावयाची आहे. त्या रात्री आम्ही आमच्या वळकट्या तिच्यापासून दूर नेल्या. रोज सकाळी समतेची प्रार्थना म्हणणाऱ्या आम्ही मुलींनी एका दहा वर्षांच्या मुलीभोवती रिकामी जमीन ठेवली.

बाईंनी आम्हांला रागावले नाही. त्यांनी मुलीच्या आजीला बोलावून घेतले. आजी हात जोडून म्हणाली, "बाई, कातर लावू नगासा. देवीचं हाय त्ये."

"कातर लावणार नाही, आजी," बाई म्हणाल्या. "पण गुंता सोडवून पाहिला तर चालेल का तुम्हांला?"

आजीने बराच वेळ विचार केला. "सुटला तर सुटू द्या. देवीचा असंल, तर सुटायचा न्हाई."

दुसऱ्या दिवसापासून संध्याकाळच्या अभ्यासापूर्वी अर्धा तास आम्ही पाळीपाळीने बसलो. पहिल्यांदा बाईंनी स्वतः हात लावला, मग ताईने, मग आम्ही. कोमट तेल मुरवायचे, लोकरीच्या सुईच्या टोकाने एकेक केस मोकळा करायचा, टोकाकडून वर, रविवारी करतो तसेच. बाई समजावून सांगत, की प्रत्येकाच्या डोक्यावरून रोज पन्नास ते शंभर केस गळतात; विंचरले नाही तर ते तेथेच अडकतात आणि तेल, घाम व धूळ यांनी त्यांचा नमदा होतो. भंडारा चोपडला की तो आणखी घट्ट होतो. बाराव्या संध्याकाळी शेवटची गाठ सुटली. आमच्या हातात मूठभर गळालेले केस उरले. दुसरे काहीही नव्हते.

कसोटी त्यानंतर आली. आठवड्याने घरून निरोप आला, की शेळी मेली. मुलगी रडू लागली. खरे सांगायचे तर आम्हीही घाबरलो. हात आमचेच लागले होते. बाईंनी तिला जवळ घेऊन एवढेच विचारले, "या पावसाळ्यात तुझ्या गावात आणखी कुणाकुणाच्या शेळ्या मेल्या?" मुलीने बोटांवर मोजले. चार घरे निघाली. "त्या घरांतल्या किती मुलींची जट सोडवली होती?" मुलगी गप्प झाली. मग तिने डोळे पुसले आणि म्हणाली, "एकीला बी नव्हती."

पुढच्या रविवारी आजी आली. नातीला पुढ्यात बसवून तिने केसांच्या मुळांतून बोटे फिरवली, कानामागे पुन्हा पुन्हा चाचपले. मग आमच्याकडे फणी मागितली आणि स्वतः वेणी घातली. ती इतकी करकचून, की मुलीच्या भुवया ताणल्या गेल्या. रात्री ताईने ती सैल करून दिली. त्या रात्री आमच्या वळकट्या पुन्हा जागेवर आल्या होत्या.

पुढे नववीत धम्मवर्गात भंतेजींनी संयुत्त निकायातील एक प्रसंग सांगितला. आत जटा, बाहेर जटा, सारी प्रजा गुंत्यात सापडलेली; हा गुंता कोण सोडवील, असा तेथे प्रश्न आहे आणि उत्तर शील, समाधी व प्रज्ञा यांचे आहे. आचार्य बुद्धघोषांचा 'विसुद्धिमग्ग' हा ग्रंथ याच गाथेवर उभा आहे आणि आपल्या धर्मानंद कोसंबींनी त्याचे संपादन केले आहे, हेही तेव्हाच कळले. भंतेजी अर्थ उलगडून सांगत होते आणि आमच्या बोटांना तेलाचा स्पर्श आठवत होता.

ती मुलगी आज आमच्या चौघींपैकी एक आहे. वळकट्यांची गोष्ट वगळावी, असे आम्ही तिघींनी सुचवले होते. तिने ती लिहावयास लावली.

पालकांना आमची एक विनंती आहे. मुलीला वसतिगृहात सोडण्यापूर्वी उवांच्या भीतीने तिचे केस भादरू नका. रुंद कंगवा, फणी आणि तेलाची बाटली द्या; स्वतःचे केस विंचरायला आणि दुसरीचेही सोडवायला शिकवा. कानामागे गाठ लागली असेल, तर कोणाला विचारत बसू नका. त्याच संध्याकाळी तेल लावून बसा. मागील अंगणात आता सिमेंटचा कट्टा झाला आहे. गेल्या भेटीत पाहिले, तेथे दहावीच्या मुली पाचवीच्या मुलींना पुढ्यात घेऊन बसल्या होत्या. त्या सर्व लेकींना आणि आमच्या शाळेला मंगल कामना.