अर्ध्या सेकंदाची वाट

कीबोर्ड जोडलेला नसला की जुने कॉम्प्युटर पडद्यावर सांगायचे, 'कीबोर्ड सापडत नाही, पुढे जाण्यासाठी एफ-१ दाबा.' या वाक्यावर लोक आजवर मनसोक्त हसत आलेत. मला मात्र ते लिहिणाऱ्याची बाजू घ्यावीशी वाटते. कीबोर्ड नाही, हे त्याला कुठे ठाऊक होतं? त्याने हाक मारली होती आणि ओ आली नव्हती, इतकंच. प्लग अर्धवट बसला असेल, वायर तुटली असेल. कुणीतरी येईल, प्लग नीट बसवेल, एफ-१ दाबेल. सर्व्हरला बहुधा कीबोर्ड नसतोच, म्हणून पुढे कॉम्प्युटर सुरू करून देणाऱ्या बायॉसमध्ये एक पर्यायही आला: बाकी कशासाठीही थांब, कीबोर्डसाठी खोळंबू नकोस.

'नाही' असं सांगायलाही कुणीतरी तिथे असावं लागतं. ते नसतं, म्हणून ऑपरेटिंग सिस्टिमला आपलं आपणच ठरवावं लागतं की आता पुरे. लिनक्सच्या आय-८०४२ ड्रायव्हरमध्ये हे 'पुरे' मोजून लिहिलंय: पन्नास-पन्नास मायक्रोसेकंदांच्या दहा हजार फेऱ्या, म्हणजे अर्धा सेकंद. ८०४२ ही इंटेलची चिप. आयबीएमने १९८४ च्या पीसी-एटीमध्ये ती कीबोर्ड सांभाळायला बसवली. सुटी चिप केव्हाच गेली, तिचं काम दुसऱ्या चिपांच्या पोटात गेलं, पण तिच्याशी बोलायची रीत आजच्या कित्येक लॅपटॉपांत तीच आहे.

बरं, गप्प बसणाऱ्यालाच गैरहजर धरावं, तर तेही पुरत नाही. जिथे काहीच जोडलेलं नाही अशा पोर्टवरून वाचलं की बहुतेक वेळा सगळे बिट एक येतात. शून्य नव्हे, २५५! त्यातलाच एक बिट म्हणतो, 'तुमच्यासाठी माहिती तयार आहे.' वाचा, की पुन्हा तयार. ड्रायव्हर सोळा बाइट वाचून घेतो. तरीही ओघ थांबला नाही, तर चिप नाहीच असं समजून निघून जातो. अखंड बोलतोय म्हणजे कुणी नाही, हा निष्कर्ष मला फार आवडतो. सभासंमेलनांतही वापरून पाहावा.

माऊसच्या पोर्टची तपासणी तर वाचण्यासारखी आहे. आधी एक ठरावीक बाइट चिपकडे पाठवायचा आणि तो जसाच्या तसा परत येतो का पाहायचं. नाही आला, तरच बाहेरच्या जोडणीची चाचणी. तिचा निकाल शून्य आला तर पोर्ट ठीक. पण काही नोटबुक नियम धाब्यावर बसवून हेक्स 'एफए' असं उत्तर देतात; तेही ठीकच मानायचं. मग हीच चाचणी आधी का नाही? कारण उत्तम चालणाऱ्या पोर्टांबद्दलही बरेच चिपसेट 'बिघाड' म्हणून कळवतात. हे सगळं कोडमधल्या टिपणीत लिहून ठेवलंय. कुणाच्या तरी बंद पडलेल्या माऊसच्या तक्रारीतून एकेक ओळ आली असणार, असं वाचताना वाटत राहतं.

कीबोर्डला त्याची ओळख विचारतात. सांगितली नाही तर लगेच नाव कापत नाहीत. त्याचे दिवे बदलायचा हुकूम देऊन पाहतात. कॅप्स लॉकचा दिवा जगातल्या कुठल्याही कीबोर्डला कळायला हवा, हा हिशेब. हुकूम मानला तर हजर. जाता जाता दिवे विझतात, तेही हवंच असतं.

वर्गातल्या हजेरीसारखी इथेही प्रॉक्सी चालते. यूएसबी कीबोर्ड जोडलेला असला, तरी ऑपरेटिंग सिस्टिम येईपर्यंत बायॉस त्याच्या वतीने जुन्या ८०४२ च्या आवाजात 'येस सर' म्हणत राहतो. म्हणून लिनक्सला सुरुवातीलाच यूएसबीचा ताबा बायॉसकडून मागून घ्यावा लागतो. खरं तर यूएसबीने हा सगळा तिढा सोडवलाय: उपकरणातला दीड किलोओहमचा रेझिस्टर डेटाची एक तार वर खेचतो आणि हबला कळतं, कुणीतरी आलं. विचारायचीही गरज नाही. सोय मोठी, पण लिहिण्यासारखं त्यात फारसं काही नाही.

विचारणं निरुपद्रवी असतं असं मात्र समजू नये. काही आधुनिक लॅपटॉपांचे कीबोर्ड 'तू कोण?' या प्रश्नानेच गडबडायचे. कीबोर्ड तिथेच, लॅपटॉपच्या अंगातच बसवलेला, आणि त्याला ओळख विचारली म्हणून तो बिथरणार! २०२३-२४ च्या सुमारास त्यावर तोडगा निघाला. यंत्र लॅपटॉप आहे आणि ८०४२ च्या जागी असलेला कंट्रोलर कीबोर्डचे संकेत जुन्या संकेतांत भाषांतरित करून देतोय, एवढं दिसलं की ड्रायव्हर ओळख विचारतच नाही. कीबोर्ड आहे असं धरून चालतो, आणि ओळखीच्या रकान्यात सर्वसाधारण कीबोर्डचा क्रमांक स्वतःच भरून टाकतो.