त्यालाच विचारा

माझ्या भावाला ऐकू येणारे आवाज वऱ्हाडी बोलतात. गार्डन रीचला राहायला येऊन त्याला सहा वर्षं झाली. बाजारहाट तो बंगालीत करतो, मटियाबुर्जच्या शिंप्यांशी हिंदीत बोलतो, पण आवाजांनी नागपूर सोडलेलं नाही. कोण बोलतं, असं विचारलं तर "आपल्या महालातलेच हायेत" एवढंच सांगतो.

इथं मराठी माणूस दिसला तर फारसं नवल नाही. जुन्या बंगाल नागपूर रेल्वेचं मुख्यालय गार्डन रीचचं. आता ती दक्षिण पूर्व रेल्वे, आणि २००३ पर्यंत नागपूर विभागही तिच्याकडेच होता. मी त्याच कचेरीत हिशेब विभागात आहे. आई गेल्यावर भाऊ माझ्याकडे आला तो एक पत्र्याची पेटी आणि अठरा वर्षांच्या चिठ्ठ्यांची फाइल घेऊन. ती फाइल मी रात्रभर बसून वाचली. 'आई सांगते की', 'मामा सांगतात की', 'नातेवाइकांच्या म्हणण्यानुसार'. त्याचं स्वतःचं असं एक वाक्य त्यात सापडलं नाही.

इथल्या पहिल्या दवाखान्यात तेच पुढं सुरू झालं. डॉक्टरांनी माझ्याकडे बघून विचारलं, "ओ रात्रे घुमोय?" चाळिशीचा माणूस समोर बसलेला आणि त्याला 'ओ'. बंगालीत अशा माणसाबद्दल 'उनि' म्हणायची रीत आहे; आपल्याकडे 'हा झोपतो का' आणि 'हे झोपतात का' यांत जेवढं अंतर, तेवढंच. मी उत्तर द्यायला लागले तशी भाऊ म्हणाला, "ताई, तू थांब. त्याइले म्हन, मले इचारा." मग मोडक्या बंगालीत त्यानंच सांगितलं: ओलान्झापिननं आवाज कमी झालेत, पण सकाळी अकरापर्यंत डोळा उघडत नाही, भूक आवरत नाही. थोडे आवाज राहिले तरी चालतील, सकाळ पाहिजे. चिठ्ठीवर लिहून आलं, 'झोप चांगली'.

या आजाराच्या औषधसंशोधनात कलकत्त्याचं नाव जुनं आहे. १९३१ साली गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी सर्पगंधेवर निबंध लिहिला, वेडावर आणि रक्तदाबावर एक नवं भारतीय औषध म्हणून. पुढं १९५२ मध्ये स्वित्झर्लंडच्या सीबा कंपनीत त्याच मुळातून रिसर्पिन वेगळं काढलं गेलं. क्लोरप्रोमाझिनपुढं सर्पगंधा मागं पडली. माणूस शांत झाला, झोपला, रक्तदाब उतरला, या सगळ्या बाहेरून दिसणाऱ्या गोष्टी. आतल्या माणसाला त्या शांततेत कसं वाटत होतं, हा प्रश्न पुष्कळ उशिरा विचारला गेला.

मोजमापं पुढं बारीक झाली. २०१४ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये गोवा, सातारा आणि तामिळनाडूतल्या २८२ स्किझोफ्रेनियाग्रस्तांवरचा अभ्यास आला. काहींना नेहमीचे उपचार, काहींना त्याशिवाय घरी येऊन बोलणारे, प्रशिक्षण दिलेले साधे कार्यकर्ते. वर्षानं फरक दिसला, तो माफक, आणि मुख्यतः तामिळनाडूच्या ग्रामीण भागात. मला हा अभ्यास आवडतो, कारण त्यानं फुशारकी मारली नाही आणि अपंगत्वही मोजलं: घरात, कामात, माणसांत किती वावरता येतं ते. लक्षणांची पट्टी मात्र तीस मुद्द्यांची, प्रत्येकाला १ ते ७ गुण. त्यात सकाळ कुठं बसवायची?

पुण्यात कॅल्गरीचे संख्याशास्त्राचे प्राध्यापक जगन्नाथ वाणी यांनी १९९७ मध्ये स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन सुरू केली. त्यांच्या पत्नीला हा आजार होता. त्या वर्तुळात रुग्णाला 'शुभार्थी' आणि सांभाळणाऱ्याला 'शुभंकर' म्हणतात. मी हे भावाला कौतुकानं सांगितलं. तो म्हणाला, "लग्नपत्रिकेत छापल्यावानी वाटते." नंतर दोन दिवस मला 'शुभंकरताई' म्हणत होता.

औषध नकोच, असं म्हणणाऱ्यांपैकी मी नाही. एका वर्षी त्यानं गोळ्या सोडल्या होत्या, तेव्हा कामठीच्या बाजूला रुळांवरून चालताना सापडला. तोही नको म्हणत नाही. दुसऱ्या डॉक्टरांनी त्याला सरळ विचारलं, "आपनार की मने होय?" आणि दोघांनी मिळून मात्रा हळूहळू उतरवली. आवाज जरा वाढलेत. तो नऊला उठतो, दुपारी एका शिंपीमास्टरांकडे काज-बटणाचं काम करतो. मला भीती वाटते, रोज वाटते.

२०१७ चा मानसिक आरोग्य सेवा कायदा २९ मे २०१८ पासून लागू आहे. पुढं स्वतःचा निर्णय घेता येईनासा झाला तर उपचार कसे हवेत, कोणते नकोत आणि आपल्या वतीनं कोणी बोलायचं, हे कुणाही प्रौढाला आधीच लिहून ठेवता येतं. तातडीच्या उपचारांना ते लागू नाही, आणि डॉक्टरांना वा नातेवाइकांना मान्य नसेल तर ते मंडळाकडे जाऊ शकतात. म्हणजे कागद लिहिला की झालं, असं नाही. तरी भावानं तो लिहिला, रेल्वेच्या जुन्या रजिस्टरच्या कागदावर, मराठीत. मला बांधू नका (फार वर्षांपूर्वी एका ठिकाणी बांधलं होतं). सुई देण्याआधी औषधाचं नाव सांगा. मला 'तू' म्हणू नका. ताईला विचारा, पण माझ्यानंतर.

वतीनं बोलायला मात्र त्यानं माझं नाव दिलं नाही. मास्टरांचं दिलं. मी कारण विचारलं तर म्हणाला, "तू घाबरतेस. कोणी मोठ्या आवाजात बोललं की तू हो म्हनतेस. मास्टर नाई म्हनत."

मास्टरांनी उर्दूत सही केली. डॉक्टरांसाठी आता त्याचं बंगाली करायचं आहे. ते काम त्यानं माझ्याकडे सोपवलंय, आणि प्रत्येक ओळ त्याला दोनदा वाचून दाखवावी लागते. 'बांधू नका'पाशी आम्ही अडलोय. माझी बंगाली ओळ त्याला फार अजिजीची वाटते.