आत कोणी आहे का?

मंडळी, क्रूझ म्हटलं की तुमच्या डोळ्यांसमोर काय येतं ते मला माहीत आहे. बारा मजली जहाज, दिवसातून पाच वेळा खाणं, रात्री नाचगाणी आणि घरी परतल्यावर वजनकाट्याची भीती. आपल्या मंडळातल्या निम्म्या लोकांनी ती केली आहे आणि उरलेल्या निम्म्यांनी त्यांचे फोटो पाहिले आहेत. मी सांगणार आहे ती क्रूझ याहून फार लहान. बोट तीस-चाळीस माणसांची, वेळ सकाळी नऊ ते दुपारी एक, आणि खाणं म्हणजे आपण बरोबर नेलेल्या दशम्या नि शेंगदाण्याची चटणी. तरीही सत्तरी ओलांडलेल्या आजी-आजोबांनी आणि दहा-बारा वर्षांच्या नातवंडांनी मिळून करावी अशी याहून चांगली सहल मला तरी ठाऊक नाही.

या वर्षी मार्चमध्ये नातवाला सुट्टी होती आणि ओहायोत अजून बर्फ होता. लेक म्हणाली, "आई, फ्लोरिडाला जाऊ, पण डिस्नेला नको." तिथल्या तिथे ठरलं.

फ्लोरिडाच्या नैर्ऋत्य किनाऱ्यावर, फोर्ट मायर्ससमोर, सॅनिबेल आणि कॅप्टिव्हा ही जोडबेटं आहेत. १९६३ मध्ये पूल झाला, तोवर तिथे फेरीबोटीनेच जावं लागे. त्या किनाऱ्यालगतची बहुतेक बेटं उत्तर-दक्षिण लांबट आहेत. सॅनिबेल मात्र पूर्व-पश्चिम आडवं पसरलेलं. त्यामुळे मेक्सिकोच्या आखातातून येणाऱ्या लाटांना ते जणू सूप धरून बसलं आहे, आणि लाटा त्या सुपात शंख-शिंपल्यांच्या राशी आणून ओततात. कंबरेत वाकून शंख शोधणाऱ्यांच्या त्या बैठकीला तिथे 'सॅनिबेल स्टूप' असं नावच आहे. लांबून पाहताना मला भातलावणीची आठवण झाली. आमच्या ह्यांचे गुडघे कुरकुरतात, म्हणून ते खुर्ची टाकून देखरेख करत होते.

पहिल्या दिवशी सॅनिबेलवरचं 'डिंग डार्लिंग' अभयारण्य पाहिलं. ज्यांच्या नावाने ते ओळखलं जातं ते जे. एन. डार्लिंग हे वर्तमानपत्रात व्यंगचित्रं काढणारे गृहस्थ. त्या कलेसाठी त्यांना दोनदा पुलित्झर पारितोषिक मिळालं. आपल्या आर. के. लक्ष्मण यांच्या नावाने एखादं पक्षी अभयारण्य असावं, तसं हे. खारफुटीच्या कडेने गुलाबी 'स्पूनबिल' चिखलात चोच फिरवत होते. आपल्याकडे या पक्ष्याच्या पांढऱ्या भावंडाला 'चमचा'च म्हणतात. नातवाला हे सांगितल्यावर तो दिवसभर "आजी, चमचा!" करत राहिला. चला, एक मराठी शब्द तरी पक्का झाला.

दुसऱ्या दिवशी कॅप्टिव्हाहून बोट. आमच्या कॅप्टनबाई साठीच्या, उन्हाने रापलेल्या आणि मिश्कील. बोट बेटांच्या आतल्या बाजूने, पाइन आयलंड साउंड या उथळ खाडीतून उत्तरेकडे निघाली. खाडीतल्या खांबाखांबांवर ऑस्प्रेची काटक्यांची मोठाली घरटी. हा मासेमार शिकारी पक्षी हिवाळ्यात आपल्या कोकण किनाऱ्यावरही उतरतो. पेलिकन उंचावरून थेट पाण्यात डोकं घालत होते. बोटीने वेग घेतला आणि मागे लाटांचा पट्टा उठला, तसे दोन डॉल्फिन त्या लाटेवर उड्या मारायला आले. दापोलीजवळ मुरूडला किंवा तारकर्लीला तुम्ही डॉल्फिन पाहिले असतील. तिथले पाठीवर कुबड असलेले आणि जरा लाजाळू. हे मात्र कोणी टाळ्या वाजवाव्यात म्हणूनच आल्यासारखे! त्यांना खाऊ घालणं किंवा त्यांचा पाठलाग करणं १९७२ च्या कायद्याने गुन्हा आहे. म्हणून कॅप्टनबाई आपला मार्ग सोडत नव्हत्या; येतील ते आपल्या मर्जीने.

मग बाईंनी वेग एकदम कमी केला. पाण्यावर ताटाएवढी गुळगुळीत वर्तुळं उमटत होती, एकापुढे एक. "मॅनटीची पावलं," त्या म्हणाल्या. शेपटीच्या प्रत्येक फटक्याने असं एक वर्तुळ वर येतं. थोड्या वेळाने एक करडं नाक वर आलं, मोठा सुस्कारा सोडला आणि पुन्हा बुडालं. मॅनटी म्हणजे समुद्रगाय. वजन साधारण साडेचारशे किलो, आहार निव्वळ गवत, आणि नात्याने हत्तीच्या जवळची. इतक्या निरुपद्रवी प्राण्याची ओळख संशोधक कशावरून पटवतात, ठाऊक आहे? बोटींच्या पंख्यांनी पाठीवर केलेल्या जखमांच्या वणांवरून. प्रत्येकीच्या पाठीवरची नक्षी वेगळी.

मी आयुष्यभर रसायनशास्त्र शिकवलं, म्हणून इथे जरा थांबते. २०२१ मध्ये फ्लोरिडात अकराशेच्या आसपास मॅनटी मेल्या. त्यांतल्या पुष्कळशा पूर्व किनाऱ्यावरच्या इंडियन रिव्हर लगूनमध्ये उपासमारीने गेल्या. सांडपाण्यातून आणि खतांमधून वाहत आलेल्या नायट्रोजन-फॉस्फरसमुळे पाण्यात शेवाळ माजलं, खाली ऊन पोचेना, आणि समुद्री गवत मेलं. पुढच्या हिवाळ्यात माणसांनी त्यांना लेट्यूसचे गड्डे टाकून जगवायचा प्रयत्न केला. आपल्या घरापुढची हिरवळ शेजाऱ्यापेक्षा हिरवी दिसावी म्हणून आपण जे पोतं रिकामं करतो, ते पावसाबरोबर कुठेतरी जातंच. सॅनिबेल ज्या ली काउंटीत आहे, तिथे १ जून ते ३० सप्टेंबर या पावसाळी महिन्यांत हिरवळीला असं खत घालायला बंदी आहे.

तासाभराने आम्ही केयो कोस्टाला उतरलो. हे बेट राज्याचं उद्यान आहे आणि पूल नसल्याने तिथे बोटीनेच जावं लागतं. सुमारे नऊ मैलांची पुळण, आणि दुकान दिसेल तर शपथ. २८ सप्टेंबर २०२२ ला 'इयन' हे चक्रीवादळ याच बेटावर जमिनीला लागलं. सॅनिबेलचा पूल तेव्हा ठिकठिकाणी तुटला होता. झाडांचे बोडके सोट अजून उभे आहेत, पण त्यांच्या पायाशी नवी हिरवाई दाट उठली आहे. युरोपियन लोक येण्याआधी या खाडीवर कलूसा लोकांचं राज्य होतं. शेती न करता केवळ माशांवर आणि शिंपल्यांवर त्यांनी मोठी सत्ता उभी केली. १५२१ मध्ये त्यांच्याशी झालेल्या चकमकीत जखमी होऊन स्पेनचा पोन्से दे लिओन पुढे हवानात मेला. रोगराई आणि गुलामांसाठीच्या धाडी यांनी अठराव्या शतकात कलूसा संपले. उरल्या त्या त्यांनी रचलेल्या शिंपल्यांच्या टेकड्या आणि शंखांचे हातोडे.

उतरण्यापूर्वी कॅप्टनबाईंनी एकच नियम सांगितला. "काहीही उचला, पण पिशवीत टाकण्याआधी आत डोकावून विचारा: आत कोणी आहे का?" इथे जिवंत शंख, सँड डॉलर किंवा तारामासा घेणं गुन्हा आहे, पहिल्याच वेळी ५०० डॉलरपर्यंत दंड आणि ६० दिवसांपर्यंत कैद होऊ शकते. आणि मूळ मालक मेला असला तरी भाडेकरू असू शकतो. हर्मिट खेकडा रिकाम्या शंखात राहायला येतो आणि अंगाला घट्ट झाला की घर बदलतो. शंखाचा मूळ प्राणी मात्र घर कधीच बदलत नाही. समुद्राच्या पाण्यातून कॅल्शियम आणि कार्बोनेट घेऊन तो कडेकडेने तेच घर वाढवत नेतो. वर्गात खडूने हे सूत्र मी शेकडो वेळा लिहिलं असेल. नैसर्गिक खडूही कॅल्शियम कार्बोनेटच! पण ते सूत्र जिवंतपणी चालताना पाहिलं ते इथे.

नातवाला वाळूत एक माळ सापडली. कागदी चकत्या दोऱ्यात ओवल्यासारखी, हातभर लांब, वाळलेली. कानाशी हलवली तर आत खुळखुळ. एक चकती उघडली तर तांदळाएवढे चिमुकले शंख बाहेर पडले. ही 'लाइटनिंग व्हेल्क' या शंखाची अंड्यांची माळ. जवळच पाण्यात एक मोठाही सापडला, पण आत मालक हजर होता, म्हणून त्याला हळूच परत ठेवलं. त्या मोठ्या शंखाचं आणि तांदळाएवढ्या पिल्लांचं वळण एकच होतं: डावं. जगातले बहुतेक सगळे शंख उजव्या वळणाचे असतात. हा जातीनेच डावखुरा.

आता तरुण वाचकांनो, तुम्हाला थोडी पार्श्वभूमी देते. शंख समुद्रमंथनातून निघाला, म्हणून तो लक्ष्मीचा भाऊ मानतात आणि लक्ष्मीपूजनात ठेवतात. आपला पूजेचा शंख मुख्यतः दक्षिणेत मन्नारच्या आखाताकडचा, उजव्या वळणाचा. त्याच जातीत अगदी क्वचित एखादा डावा निपजतो, आणि त्या दुर्मिळ शंखाला आपण 'दक्षिणावर्ती', म्हणजे उजवीकडे वळणारा, म्हणतो. घोटाळा वाटतो ना? शास्त्रज्ञ शंखाचा कळस वर धरतात आणि तोंड कोणत्या हाताला येतं ते पाहतात. आपण पाणी सोडायची चोच वर धरतो. शंख उलटा केला की डावीकडचं तोंड उजवीकडे येतं. वस्तू तीच, फक्त धरण्याची तऱ्हा वेगळी.

दुर्मिळ वस्तूला किंमत आली की नक्कल येतेच. इथे तर नक्कलही करावी लागत नाही. मेक्सिकोच्या आखातात सहज सापडणारा हा लाइटनिंग व्हेल्क भारतात 'अस्सल दक्षिणावर्ती' म्हणून खपवला जातो. वाळूत उभी असताना माझ्या डोळ्यांसमोर साताऱ्याच्या आक्काचं देवघर आलं.

आक्का माझी थोरली बहीण, आता ८२ वर्षांची. भाऊजींच्या हृदयाच्या शस्त्रक्रियेच्या वेळी तिने एका फिरत्या विक्रेत्याकडून अकरा हजारांचा दक्षिणावर्ती शंख घेतला होता. भाऊजी त्यानंतर आठ वर्षं जगले. तो पांढरा, तपकिरी रेघांचा शंख मी दर भारतभेटीत हातात घेतला आहे. तो कुठला, हे मला आता कळलं होतं. सांगायचं नाही असं मी ठरवलं. पण रविवारच्या व्हिडिओ कॉलवर नातवाने देवघर पाहिलं आणि तो ओरडलाच, "आक्काआजी, हा तर फ्लोरिडाचा आहे! आम्ही पाहिला!" मग मला सगळं सांगावंच लागलं.

आक्का बराच वेळ बोलली नाही. मग तिने नातवाला विचारलं, "त्यातला जीव कसा गेला रे?" तो अडखळत म्हणाला, "आजी, बहुतेक उकळून." हे खरं असण्याचाच संभव जास्त. लाटांनी घासलेला शंख फिका आणि टवके गेलेला असतो. बाजारातले चकचकीत शंख बहुधा प्राण्यासकट धरलेले असतात. आक्काने फोन ठेवला.

पुढच्या रविवारी तिचाच फोन आला. म्हणाली, "भाऊजींना आठ वर्षं डॉक्टरांनी दिली, एवढं मलाही कळतं गं. पण त्या रात्री हातात धरायला काहीतरी हवं होतं. आता तो एवढ्या लांबून आलाय, त्याला कुठे पाठवू? राहील देवघरात. शेजारच्या सूनबाई मात्र तसलाच घ्यायला निघाल्या होत्या, त्यांना मी थांबवलं." फसवणूक तिला लागली नाही असं नाही. पण पैशापेक्षा तिला त्या जिवाचं लागलं होतं.

म्हणून मंडळी, या दिवाळीत कोणी तुम्हाला शेकडो डॉलरचा दक्षिणावर्ती दाखवलाच, तर तोंडाच्या आत मधल्या खांबावर बोट फिरवून पाहा. आपल्या जातीच्या शंखाला तिथे तीन-चार उठावदार वळ्या लागतात. व्हेल्कचा खांब गुळगुळीत असतो. आणि अस्सल ठरला तरी कॅप्टनबाईंचा प्रश्न उरतोच. लक्ष्मीपूजन शंखावाचूनही यथासांग होतं.

जाणार असाल तर थोडं व्यवहाराचं. ओहोटीची वेळ पाहूनच बोट ठरवा. टोपी आणि पाण्यात चालायचे बूट घ्या. उन्हाळ्यात पाण्यात पाय उचलून टाकू नका, घासत चाला, म्हणजे वाळूत दडलेला पाकट मासा बाजूला होतो. आजोबांसाठी घडीची खुर्ची न्या. आमच्या नातवाने त्या वाळक्या माळेतले पाच चिमुकले शंख, आत कोणी नाही याची दोनदा खात्री करून, काडेपेटीत आणले आहेत. त्यांतला एक आक्काला द्यायचा आहे. पुढच्या मार्चमध्ये कोणाचा बेत असेल तर फोन करा, भरती-ओहोटीचं वेळापत्रक मी काढून देईन.

तुम्हा सर्वांना शुभ दीपावली!