पेशीच्या दाराशी

१९८६ सालच्या पावसाळ्यातील ती रात्र मी विसरू शकत नाही. आईला अनेक वर्षांचा दमा होता. वडिलांना रक्तदाबाचा विकार. त्या रात्री आईच्या छातीत धडधडू लागले. वडिलांची अशीच धडधड त्यांच्या गोळीने शमते, हे मी पाहिले होते. बाहेर पाऊस कोसळत होता आणि डॉक्टरांचे घर दूर होते. मी वडिलांच्या डबीतील प्रोप्रॅनॉलॉलची एक गोळी काढून आईच्या हातावर ठेवली. "आई, घे. बाबांना हिनंच बरं वाटतं." माझ्यावर विश्वास ठेवून तिने ती घेतली.

काही वेळाने धडधड थांबली. परंतु तिचा श्वास कोंडू लागला. नेहमीचा फवाराही लागू पडेना. पहाटे दवाखान्यात पोहोचलो तेव्हा तिच्या ओठांवर निळसर छटा आली होती. डॉक्टरांनी तिला सावरले आणि मग माझ्याकडे वळून ते एवढेच म्हणाले, "अरे, एकाचं औषध दुसऱ्याला कधी देऊ नये." हृदयाला शांत करणारी गोळी श्वास का कोंडते, हा प्रश्न मात्र माझ्या मनात सलत राहिला.

त्याचे उत्तर मला पुढे एका शास्त्रज्ञाच्या जीवनकार्यात सापडले. रॉबर्ट लेफकोविट्झ यांचा जन्म १९४३ साली न्यूयॉर्कमध्ये झाला. बालपणीच आपल्या कुटुंबाच्या डॉक्टरांना पाहून त्यांनी डॉक्टर होण्याचे ठरविले होते. व्हिएतनाम युद्धाच्या काळातील सक्तीची सेवा त्यांनी १९६८ पासून अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेच्या प्रयोगशाळेत केली. तेथे दीर्घकाळ त्यांचे प्रयोग फसतच राहिले. संशोधन आपले क्षेत्र नव्हे, असे वाटून त्यांनी रुग्णसेवेकडे परतण्याचे ठरविले. आणि मग प्रयोगाला यश आले.

त्यांनी पुढे हाती घेतलेला प्रश्न असा होता : ॲड्रेनलिन हे संप्रेरक पेशीच्या आत न शिरता आपला निरोप आत कसा पोहोचविते? तो घेणारा 'रिसेप्टर' पेशीच्या आवरणावर असावा, हा तर्क जुना होता. १९४८ साली रेमंड अल्क्विस्ट यांनी त्याचे अल्फा व बीटा असे दोन प्रकारही सुचविले होते. तरीही अनेकांच्या लेखी ती केवळ एक सोयीची कल्पना होती. १९७३ साली ड्यूक विद्यापीठात गेल्यावर लेफकोविट्झ यांनी किरणोत्सारी खुणेच्या साहाय्याने हे रिसेप्टर शोधले. ते इतके विरळ असतात की सुमारे एक लाख पट शुद्धीकरण केल्याशिवाय हाती लागत नाहीत. त्यात वर्षे गेली. १९८६ साली, म्हणजे आमच्या घरी ती घटना घडली त्याच वर्षी, ब्रायन कोबिल्का आदी सहकाऱ्यांसह त्यांनी बीटा-२ रिसेप्टरचे जनुक उलगडले. या रिसेप्टरची साखळी पेशीच्या आवरणातून सात वेळा आरपार जाते. डोळ्यातील प्रकाश टिपणाऱ्या रोडॉप्सिनची घडणही तशीच! एका फार मोठ्या कुळाचा असा शोध लागला. २०१२ साली दोघांना रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

त्या वेळी याविषयी वाचताना माझे कोडे सुटले. हृदयावर प्रामुख्याने बीटा-१ रिसेप्टर असतात, श्वासनलिकांच्या स्नायूंवर बीटा-२. ॲड्रेनलिनच्या एकाच निरोपाने हृदय वेगाने धडधडते आणि श्वासनलिका मोकळ्या होतात. प्रोप्रॅनॉलॉल ही दोन्ही दारे अडविते. आईच्या फवाऱ्यातील सालब्युटामॉल तर बीटा-२ चेच दार ठोठावत होते आणि ते दार मी माझ्या हाताने बंद केले होते.

आई त्यानंतर तेरा वर्षे जगली. त्या रात्रीविषयी तिने मला कधी शब्दाने दुखविले नाही. "मायेनंच दिलीस ना?" एवढेच ती म्हणे. तिची क्षमा मला तेव्हाच मिळाली होती. माझी चूक मला समजली ती मात्र सव्वीस वर्षांनी. माया अंधारातही धावून जाते, पण कोणते दार उघडावे हे तिला ज्ञानानेच कळते.

वाचकहो, आजही आमच्या घरात प्रत्येकाच्या औषधाची डबी वेगळी असते आणि तिच्यावर ज्याचे त्याचे नाव लिहिलेले असते.