डबा उघडला, धडा सापडला



घरोघरी, दुकानांत सीसीटीव्हीचा डीव्हीआर कोपऱ्यात गुपचूप चालू असतो. पण तो एक छोटा संगणकच आहे बरं का! अशा बऱ्याच डीव्हीआरमध्ये लिनक्स चालतं.

मी रोह्याचा. पेणला माझ्या मेव्हण्याचा गणपतीचा कारखाना आहे. सीझनमध्ये त्याची तक्रार असायची, "भावोजी, आठवड्यापूर्वीचं रेकॉर्डिंग मिळतच नाही." नवा डीव्हीआर घेण्यापेक्षा मोठी हार्ड डिस्क बसवायचं ठरलं.

सातवीतल्या भाचीला म्हटलं, आधी वहीत हिशेब कर. एक कॅमेरा सेकंदाला 2 मेगाबिट, म्हणजे पाव मेगाबाइट. दिवसाचे सेकंद 86,400. म्हणजे रोज 21.6 जीबी, चार कॅमेऱ्यांचे 86.4. जुनी 500 जीबीची डिस्क सहा दिवसही पुरत नाही, 2 टीबीची सुमारे 23 दिवस पुरते. गुणाकार-भागाकाराला एवढं जिवंत उदाहरण पुस्तकात कुठे मिळणार?

डीव्हीआरला 2 टीबी चालते हे माहितीपत्रकात पाहिलं, प्लग काढला, स्क्रू काढले, डिस्क बदलली आणि मेनूतून फॉरमॅट केली. जुनी डिस्क तारीख लिहून जपून ठेवली.

मग भाचीने विचारलं, "काका, आतला प्रोग्रॅमसुद्धा बदलता येतो का?"

या प्रश्नाला इतिहास आहे. 1999 मध्ये अमेरिकेत टिवो नावाचा टीव्ही रेकॉर्डर आला. आत लिनक्सच. हौशी लोकांनी घरीच त्यात मोठ्या डिस्क बसवल्या. लिनक्सच्या परवान्यानुसार कंपनीला सोर्स कोड द्यावा लागला. पण पुढच्या यंत्रांत अशी सोय केली, की बदललेला प्रोग्रॅम चालणारच नाही. म्हणजे पाककृती हातात, पण चुलीला कुलूप! हे रोखायला 2007 च्या जीपीएल परवान्याच्या तिसऱ्या आवृत्तीत खास कलम आलं. लिनक्सचा गाभा मात्र दुसऱ्याच आवृत्तीवर राहिला.

पैसे देऊन घेतलेली वस्तू पूर्ण आपली असते का? वर्गात यावर चर्चा घ्या, मुलं भरभरून बोलतील.

पालकहो, "हात लावू नको" म्हणण्याआधी थोडं थांबा. जुना टीव्ही, यूपीएस मुलांना उघडू देऊ नका, त्यांत प्लग काढल्यावरही वीज साठलेली असते. पण बंद पडलेला रिमोट, कीबोर्ड सेल किंवा वायर काढून, तुमच्यासमोर खुशाल उघडू द्या. उघडून पाहिलेलं मूल पुढे प्रश्न विचारतं. आपल्याला तेच तर हवंय ना?